कोल्हापूरकरांसाठी स्पेनचा समुद्र: मालागात आठवडा कसा काढावा

स्पेनला निघालेल्या कोल्हापूरकराचं वेळापत्रक पाहिलं की माद्रिद, बार्सिलोना, सेविया, ग्रानादा अशी पळापळ दिसते आणि समुद्राच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. तीही नेमकी ज्या वेळी समुद्रावर जाऊच नये ती. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मालागा शहरात किंवा त्याच्या आसपास एकाच ठिकाणी आठवडाभर मुक्काम करावा आणि रोजचा बेत ऊन-वारा बघून ठरवावा. समुद्रासाठी एवढ्या लांब जायचंच असेल तर आमच्या मते हाच शहाणपणा आहे.

महिना कुठला?

इथेच पहिली फसगत होते. आपल्याकडे मुलांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा मालागात ऊन छान पडतं, पण पाणी १७-१८ अंश सेल्सिअस असतं. तारकर्लीच्या कोमट पाण्याची सवय असलेला माणूस गुडघाभर पाण्यातूनच परत फिरतो. याचं कारण भूगोलात आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं थंड पाणी आत येतं आणि मालागाचा किनारा त्याच्या तोंडाशीच आहे. त्यामुळे ऐन ऑगस्टमध्येही इथलं पाणी २३ अंशांच्या आसपास राहतं, तर पूर्व किनाऱ्यावरच्या आलिकान्तेकडे ते २६ पर्यंत जातं.

हवामानाचा विचार केला तर सप्टेंबरला तोड नाही. पाणी अजून ऊबदार असतं आणि गर्दी ओसरलेली असते. पण गणपती सोडून कोण निघणार? मग दोन मार्ग उरतात. एक, मे संपता संपता निघायचं आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत यायचं. पाणी गारच असणार हे धरून मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घ्यायचे. दुसरा, दिवाळीच्या सुट्टीत मालागा सोडून अटलांटिकमधली स्पेनची कॅनरी बेटं गाठायची. तेनेरिफे किंवा ग्रान कानारियाला नोव्हेंबरमध्येही पाणी २१-२२ अंश असतं. तिथलं घड्याळ स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे चालतं, विमानाच्या वेळा बघताना हे विसरू नये.

दिवसाची आखणी

कोल्हापुरात सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमारास. मालागात उन्हाळ्यात तो येतो दुपारी सुमारे २ वाजून २० मिनिटांनी! १९४० साली स्पेनने घड्याळ एक तास पुढे केलं ते पुन्हा मागे घेतलंच नाही, आणि उन्हाळ्यात त्यात आणखी एक तासाची भर पडते. म्हणून 'बारा वाजले, आता ऊन उतरेल' हा हिशोब तिथे चालत नाही. साडेबारा ते साडेपाच हा भाजून काढणारा काळ समजा. जूनअखेर सूर्य मावळतो रात्री ९.४० च्या आसपास, त्यामुळे संध्याकाळ हाताशी भरपूर असते.

बेत असा ठेवावा: सकाळी ९ ते १२ समुद्र, २ वाजता जेवण, मग खोलीवर पडी, ६ ते ९ पुन्हा समुद्र किंवा शहर, आणि साडेनऊला रात्रीचं जेवण. साडेसातला जेवायला बसायची सवय असेल तर पहिले दोन दिवस हाल होतात. बऱ्याच खानावळींची स्वयंपाकघरं चारच्या सुमारास बंद होतात ती थेट आठ-साडेआठला उघडतात. मधल्या वेळेला पिशवीत भडंग असू द्या.

सनस्क्रीन एसपीएफ ५० चं घ्या, 'आम्ही सावळे, आम्हाला काय होतंय' हे डोक्यातून काढा. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं. पाण्यात उतरण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावायचं, नंतर दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी अंग पुसल्यावर. बहुतेक जण चेहरा-हात करतात आणि पायांची वरची बाजू, कानाच्या पाळ्या, भांगाची रेघ विसरतात. रात्री आग तिथेच होते.

वाळूवर आणि पाण्यात

छत्री आणि आरामखुर्ची भाड्याने मिळते. स्वतःची छत्री लावणार असाल तर दांडा नुसता खुपसू नका. वरची कोरडी वाळू बाजूला सारून ओली वाळू लागली की दांडा पुढे-मागे हलवत हातभर तरी आत घाला, भोवती वाळू ओढून पायाने दाबा आणि छत्रीचा माथा वारा येतो त्या दिशेला किंचित झुकवा. उलट झुकवली की वारा आत शिरतो, छत्री उपसून निघते आणि तिचा दांडा शेजाऱ्याच्या अंगावर जातो. दुपारी वारा वाढतो, तेव्हा एकदा पुन्हा दाबून बघा.

पाण्यात उतरण्याआधी झेंडा बघायचा. हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून आणि काठाशीच, लाल म्हणजे पाय घालायचा नाही, दंड होऊ शकतो. पांढऱ्या झेंड्यावर जेलीफिशचं चित्र असेल तर त्या दिवशी पोहण्याचा बेत रद्द. निळा झेंडा मात्र वेगळा. तो स्वच्छता आणि सोयींचं प्रमाणपत्र आहे, पाणी शांत असल्याची खूण नव्हे. निळा दिसला म्हणून मुलांना सोडून देणारे पालक दिसतात, त्यांना हेच माहीत नसतं.

वाऱ्याची नावंही कानावर ठेवा, हॉटेलचा माणूस सकाळी तीच बोलत असतो. पूर्वेचा लेव्हान्ते आला की लाटा उसळतात. जमिनीकडून येणारा तेर्राल गरम आणि कोरडा. गंमत अशी की तेर्राल सुटला की हवा भाजते आणि समुद्र आणखी गार पडतो, कारण वरचं तापलेलं पाणी वारा खोल समुद्राकडे ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. असा दिवस संग्रहालयासाठी राखून ठेवा.

पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्याला खारं पाणी सोपं वाटतं, कारण अंग जास्त तरंगतं. तिथेच आत्मविश्वास नडतो. ओढ तुम्हाला आत नेऊ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमायला होतं आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा, मग काठाकडे वळा. ते जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून जीवरक्षकाला खूण करा. तातडीचा नंबर ११२.

जेलीफिश चावली तर चोळायचं नाही आणि गोडं पाणी अजिबात ओतायचं नाही, कारण त्याने कातडीवर उरलेल्या विषपेशी फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने काढा, मग कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. काठाच्या वाळूत अंग लपवून बसणारा एक छोटा काटेरी मासाही असतो, पेझ आरान्या. त्यावर पाय पडला तर कळ थेट मांडीपर्यंत जाते. याचा इलाज बरोबर उलटा: पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, किमान अर्धा तास बुडवून ठेवायचा. हे विष उष्णतेने निकामी होतं. मुलाचा पाय घालण्याआधी पाण्यात स्वतःचा हात घालून बघा. पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट सोबत असले तर ही वेळ सहसा येत नाही. कोल्हापुरी चप्पल मात्र खोलीवरच ठेवा, खाऱ्या पाण्याने कातडं आखडतं.

कपड्यांचं म्हणाल तर वाळूवर कुणी कुणाकडे बघत नाही. तुम्हीही बघू नका, आणि फोटो तर काढूच नका. हॉटेलच्या तलावात सुती टी-शर्ट किंवा पंजाबी ड्रेस घालून उतरू देत नाहीत. महिलांसाठी पूर्ण अंगाचा लायक्राचा पोशाख इथूनच घेऊन जावा. उलट, ओल्या चड्डीवर उघड्या अंगाने बाजारात फिरणं काही शहरांमध्ये दंडास पात्र आहे.

खाणं

मालागाच्या पूर्वेला पेद्रेगालेखो आणि एल पालो या कोळ्यांच्या जुन्या वस्त्या आहेत. शहरातून सिटी बसने जाता येतं. तिथल्या किनाऱ्यावरच्या खानावळीत, म्हणजे चिरिंगीतोत, एस्पेतो खायचाच. वाळूने भरलेल्या जुन्या होडीत लाकडाचा विस्तव असतो आणि तारलीसारखे सार्डिन मासे, बहुधा सहा, वेताच्या पट्टीवर ओवून निखाऱ्यांच्या बाजूला तिरके रोवतात. मासा विस्तवावर नसतो, शेजारी असतो, आणि धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला. म्हणून तो करपत नाही, आपल्याच तेलात भाजतो. मसाला फक्त जाडं मीठ. काटा-चमचा मागू नका. डोकं आणि शेपूट दोन्ही हातांत धरून पाठीकडून खायचं, मधला काटा अख्खा उरतो. मे ते ऑगस्ट मासा तुपट असतो, हिवाळ्यात तो मजा देत नाही.

बोकेरोनेस म्हणजे आपल्या मांदेलीची भावकी, तळलेले खावेत. पाएया हा भाताचा पदार्थ दुपारचं जेवण आहे, ताजा करायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि सहसा दोन माणसांपेक्षा कमी घेत नाहीत. दहा मिनिटांत समोर आला तर तो आधीच करून ठेवलेला होता.

शाकाहाऱ्यांनी जास्त सावध राहावं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. मिश्र सॅलडमध्ये ट्यूना असतो, सालमोरेखो या टोमॅटोच्या गार सूपवर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरतात. म्हणून मागवतानाच 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून' असं सांगा: मांस, हॅम, ट्यूना नको. बिनधास्त मागवण्यासारखं म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव आणि मीठ लावून परतलेल्या पाद्रोनच्या छोट्या मिरच्या, ज्यातली एखादीच तिखट निघते. उसाच्या काकवीसारखा पाक सोडलेली तळलेली वांगी मालागाची खासियत, पण बऱ्याच ठिकाणी ती माशांच्याच तेलात तळतात. चालत नसेल तर विचारून घ्या. तिखटाची अपेक्षा ठेवू नका. कांदा-लसूण चटणीची छोटी डबी खिशात असू द्या. साधं पाणी फुकट द्यायचा खानावळींना कायदा आहे, 'आग्वा देल ग्रीफो' मागा, नाहीतर बाटली येते आणि बिलात चढते.

आसपास

विमानतळ, तोर्रेमोलिनोस, बेनालमादेना आणि फुएन्खिरोला ही सगळी ठिकाणं सेर्कानियासच्या सी-१ या एकाच लोकल मार्गावर आहेत, साधारण दर २० मिनिटांनी गाडी. मोटार भाड्याने घ्यायची गरज नाही.

मालागाच्या पूर्वेच्या नेर्खा गावाला रेल्वे नाही, बस आहे. तिथल्या बुरियाना किनाऱ्यावरून मारोच्या कड्यांखालच्या धबधब्यापर्यंत कयाकने जाता येतं. सकाळची पहिलीच फेरी घ्या, दुपारी वारा समोरून आला की परत वल्हवताना खांदे निघतात. पोहता येत नसेल तर आधीच सांगा आणि मार्गदर्शकासोबतच जा. मुंज्यासारखं सगळं अंगावर बांधून जायचं: लाइफ जॅकेट, टोपीची दोरी, मोबाइलची जलरोधक पिशवी. मारोजवळच १९५९ साली पाच मुलांना सापडलेली नेर्खाची गुहा आहे, आतला एक खांब ३२ मीटर उंच. भर दुपारी जायला उत्तम जागा.

कामिनितो देल रेय या दरीतल्या पुलवाटेचं तिकीट बरंच आधी काढावं लागतं. ७.७ किमी, एकाच दिशेने, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. वारा जोरात असला तर बंद ठेवतात. ग्रानादाचा आलाम्ब्रा हा जुना किल्ला-राजवाडा एका दिवसात होतो, पण त्यातल्या नासरी महालांची वेळ तिकिटावर ठरलेली असते. ती चुकली की तिकीट असूनही आत सोडत नाहीत. तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढा आणि मूळ पासपोर्ट सोबत ठेवा.

तारखा जुळल्या तर २३ जूनच्या रात्री वाळूवर सान खुआनच्या होळ्या पेटतात आणि मध्यरात्री लोक समुद्रात तोंड धुतात. १६ जुलैला एल पालोचे मच्छीमार विर्खेन देल कार्मेनची, म्हणजे कार्मेनच्या माता मेरीची मूर्ती खांद्यावरून पाण्यात नेतात. नारळी पौर्णिमा पाहिलेल्याला ते लगेच आपलंसं वाटेल.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. १५ दिवस आधीपर्यंत चालतो म्हणून तोवर थांबू नका, उन्हाळ्यात भेटीच्या तारखा मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. स्पेनच्या दक्षिण टोकाच्या तारीफाहून तासाभराच्या बोटीने मोरोक्कोतल्या तांजियरला जायचा मोह होणार असेल तर आधीच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. एकाच प्रवेशाचा असेल तर परत स्पेनमध्ये येता येत नाही, आणि मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो तो लागतोच.

बॅगेत दूध आणि मांसाचे पदार्थ नकोत. युरोपीय संघ बाहेरून आणलेले असे पदार्थ सोडत नाही, म्हणून पेढे, बर्फी, तूप, सुकं मटण घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि आंबेही काढून घेतात, नारळ आणि केळी मात्र चालतात. चटणी, भडंग, चकली बिनधास्त न्या. ठेचा न्यायचा असेल तर झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा आणि मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत तो सुरक्षा तपासणीत अडकतो.