नवी मंडळी सुरू करताय? या चुका टाळा

पुण्याच्या कडेला वाघोली, चिखली, उरुळी. मुंबईच्या पुढे बदलापूर, विरार. नगर, जालना, सोलापूर, यवतमाळहून कामधंद्यासाठी आलेली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं या वस्त्यांत राहतात. जुनं चर्च गाठायचं तर लेकरांना घेऊन दोन बस बदलाव्या लागतात. मग कोणाच्या तरी घरी कुटुंब प्रार्थना सुरू होते, चार घरं जमतात आणि वर्षभरात तिची मंडळी, म्हणजे छोटं चर्च, होते. ही गरज खरी आहे आणि असं काम मनापासून करणारे सेवकही आहेत. तरी यातल्या काही मंडळ्या लवकरच फुटतात, काही एका कुटुंबाच्या होऊन बसतात. तसं होण्याचं बीज बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच पडलेलं असतं.

दुसऱ्याची मंडळी फोडून आपली भरणं

सुरुवात संध्याकाळच्या सभेनं होते. सकाळी आपापल्या चर्चला जा, संध्याकाळी इथं या, असं सांगितलं जातं. काही महिन्यांनी तीच सभा सकाळी दहाला भरू लागते. जुन्या चर्चमधली गाणारी मुलं, रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेच्या शिक्षिका, दान देणारी दोन-तीन घरं इकडे आलेली असतात. संख्या वाढलेली दिसते, पण नवा माणूस एकही नसतो.

प्रेषित पौलानं बायबलमधल्या रोमकरांस पत्रात, पंधराव्या अध्यायात, स्वच्छ लिहिलंय की दुसऱ्याच्या पायावर आपण बांधायचं नाही, अशी त्याची हौस होती. आपल्याकडेही जुन्या मिशनांनी आपसात जिल्हे वाटून घेतले होते आणि १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या. ती एकी मिळवायला बरीच वर्षं लागली होती.

उपाय साधा आहे. जवळच्या चर्चच्या पाळकसाहेबांना काम सुरू करण्याआधी भेटा. त्यांचा सभासद तुमच्याकडे आला तर त्यांचं पत्र आणायला सांगा. भांडून आलेल्या माणसाला तर आधी परत पाठवा, समेट करू द्या. तो आज त्यांच्याशी भांडून आला, उद्या तुमच्याशी भांडून जाईल.

सगळं एकाच्या हाती

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. उपदेश तोच करतो, दानपेटी तोच उघडतो, बाप्तिस्मा कोणाला द्यायचा तेही तोच ठरवतो. ट्रस्ट नोंदवायची वेळ आली की पाळक, त्यांची पत्नी आणि मेहुणा असे विश्वस्त होतात. त्या वेळी कोणाच्याच मनात वाईट नसतं. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पुन्हापुन्हा जायला घरचीच माणसं सोयीची, एवढाच विचार असतो. पण पुढे मंडळीच्या पैशानं गुंठा-दोन गुंठे जागा घेतली जाते, खरेदीखत पाळकांच्या नावावर होतं, आणि ते देवाघरी गेले की वारसांचा सातबारा आणि मंडळीचा हक्क यांत कोर्टकचेरी सुरू होते. ज्या आजीनं पेन्शनमधून विटांचे पैसे दिले, तिला त्या खोलीत बसायलाही परवानगी मागावी लागते.

प्रेषितांच्या कृत्यांत चौदावा अध्याय वाचा. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारी जाणती माणसं, नेमले आणि मग ते पुढे गेले. मंडळ्या तर अगदी नव्या होत्या.

आपल्या मातीतलं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एका कुटुंबासारखे राहतील, असं ते स्वप्न होतं. इतकी मोठी कल्पना मराठी ख्रिस्ती समाजात क्वचितच कोणाला सुचली असेल. पण ती टिळकांच्या जिवावर उभी होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एवढ्या मोठ्या माणसाचं काम त्यांच्या मागे टिकलं नाही, तर तुमच्या-माझ्यासारख्यांनी पहिल्या वर्षापासूनच वडील तयार करायला हवेत.

म्हणून विश्वस्तांत एका घरातली दोन माणसं नकोत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी करा. जागा ट्रस्टच्याच नावावर घ्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती कोणाला विकता येणार नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे राहून गेलं की दहा वर्षांनी कागदावर मेलेली माणसं विश्वस्त असतात आणि जिवंत माणसांना सहीचा अधिकार नसतो. आणि पाळक गावी गेले तर रविवारी उपासना कोण चालवील याचं उत्तर कायम तयार ठेवा. ते नसेल तर मंडळी अजून झालेलीच नाही.

पैशाचा हिशेब आणि पैशाची वाट

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे रूफस अँडरसन आणि लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन एकच गोष्ट सांगत होते. मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी. अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊनही गेले. नगरला पहिली मंडळी त्याआधीच, १८३३ साली, स्थापन झाली होती. तरीही मिशनच्या पगाराची सवय आपल्या समाजातून पुढे कितीतरी पिढ्या गेली नाही.

आज ती सवय वेगळ्या रूपात येते. परदेशातला कोणी मित्र पाळकाच्या बचत खात्यात पैसे पाठवतो आणि त्यातून भाडं, गिटार, प्रोजेक्टर येतं. हे कायद्यात बसत नाही. धार्मिक कामासाठी परदेशी देणगी घ्यायची तर परकीय योगदान विनियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसरीला देता येत नाही. त्यामुळे ‘अमुक मिशनच्या खात्यातून फिरवून घेऊ’ ही वाटही बंद आहे.

जी मंडळी शंभर-दोनशे रुपये देणाऱ्या वीस घरांवर चालते, ती हळू वाढते, पण तिला कोणी विकत घेऊ शकत नाही. दान दोघांनी मोजावं, त्याच दिवशी वहीत लिहावं, महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लावावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथकरांकडून दान गोळा करताना पौलानं एकट्यानं पैसा हाताळला नाही, सोबत माणसं घेतली.

निरनिराळ्या जिल्ह्यांच्या निरनिराळ्या रीती

शहरात नवी मंडळी जमते तेव्हा नगरचं घर अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं असतं, मिरज-कोल्हापूरकडचं प्रेस्बिटेरियन, यवतमाळचं फ्री मेथॉडिस्ट, बुलढाण्याचं नाझरीन, अकोल्याचं अलायन्स मिशनचं, म्हणजे प्रत्येकाचा पंथ वेगळा. एकाला लेकराचा बाप्तिस्मा हवा, दुसऱ्याला तो मोठेपणीच योग्य वाटतो. प्रभुभोजन कोणी दरमहा घेतं, कोणी वेगळ्या पद्धतीनं. यावर बोलणं टाळलं की पहिल्या बारशाच्या वेळी भांडण होतं. आधीच बसून ठरवा आणि लिहून ठेवा.

गाण्यांचंही तसंच. सगळी उपासना हिंदी आणि इंग्रजी गाण्यांवर चालवली तर तरुण खूश होतात, पण ज्या आजोबांना ‘उपासना संगीत’मधली गीतं पाठ आहेत ते ओठ मिटून बसतात. टिळकांची भजनं ढोलकी-टाळावर म्हणा, तरुणांना नवी गाणी लिहायला लावा. आणि आडनाव विचारून जात ताडण्याची सवय मंडळीत दिसली तर पाळकानं तिथंच, सगळ्यांसमोर, ती थांबवावी.

घाईचा बाप्तिस्मा

आजारी किंवा बेकार माणूस आला तर प्रार्थना करू म्हणा. बरं होईलच, नोकरी लागेलच, अशी हमी देऊ नका. डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगणं हे तर पाप आहे. नव्या माणसाला कित्येक महिने शिकू द्या, घरच्यांशी बोलू द्या. अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १९५० च्या आदेशाविषयी खरं सांगा. हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो दर्जा मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. हे नंतर कळलेल्या मुलाचं शिक्षण अडतं आणि घरात आयुष्यभराचा सल राहतो. धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेव्हा वकिलाला आधी विचारा.

विसरलं जातं ते

शेजारी. भाड्याच्या गाळ्यात मोठे स्पीकर लावण्याआधी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम वाचा. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. चाळीस माणसांना बहुधा माईक लागतच नाही.

लग्न. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार अधिकार किंवा परवाना नसलेल्यानं लग्न लावणं हा गुन्हा आहे. आणि दफन. शहरातल्या पुष्कळ दफनभूम्या जुन्या चर्चच्या किंवा समित्यांच्या ताब्यात असतात. घरात मृतदेह असताना जागेसाठी फोन करत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये. पहिल्याच वर्षी समितीला भेटून हे लेखी ठरवून घ्या.

वाढ थांबली तर

तीस-चाळीस माणसांवर संख्या अडली की आधी भेटींची वही काढा. गेल्या तीन महिन्यांत पाळक किंवा वडील कोणाच्या घरी गेले नाहीत ते पाहा. बहुतेक वेळा गळालेली घरं तीच निघतात. मग लेकरांकडे पाहा. शब्बाथ शाळा नसेल तर तरुण आईबाप येत नाहीत. मग वेळेकडे. कंपनीत पाळीनं काम करणाऱ्यांना, घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळी दहा जमत नसेल तर दुपारी चारला भरवून पाहा.

एवढं करूनही दोन वर्षांत वडील म्हणून उभे राहतील अशी तीन-चार माणसं मिळाली नाहीत, तर नवं नाव, नवा फलक, नवा ट्रस्ट यांचा हट्ट सोडा. जवळच्या चर्चच्या पाळकांना भेटून ती प्रार्थना त्यांचीच शाखा म्हणून चालवा. वस्तीतल्या घरांना रविवारची उपासना चालता येईल इतक्या अंतरावर मिळेल, लेकरांना शब्बाथ शाळा मिळेल, लग्नाला आणि दफनाला पाळक मिळेल.