फवारणीचं विष, मूल होण्याची इच्छा आणि वनस्पतींचे अर्क: काय करावं आणि कोणत्या क्रमाने

अश्वगंधा, शेवगा, आलं, हळद, ग्रीन टी, डाळिंब. कीटकनाशकांमुळे शुक्राणूंना होणारी इजा या वनस्पतींचे अर्क कमी करतात, असं तुमच्या वाचनात आलं असेल. त्यात तथ्य आहे, पण ते बहुतेक प्रयोगशाळेतल्या उंदरांपुरतं. उंदराला कीटकनाशक दिलं, सोबत अर्क दिला, आणि नुसतं विष मिळालेल्या उंदरांपेक्षा त्याची शुक्राणूंची संख्या व हालचाल बरी राहिली, असं अनेक प्रयोगांत दिसलं. ती बहुतेकदा निरोगी उंदराइतकी मात्र राहिली नाही. म्हणून पुढच्या क्रमात अर्काचा नंबर शेवटी शेवटी येतो.

आधी समजून घ्या: अर्क कुठे पोचतो, कुठे नाही

शुक्राणूच्या आवरणात असंपृक्त मेदाम्लं भरपूर असतात आणि ती लवकर खराब होतात. बचाव करणारी विकरं (एन्झाइम) साठवायला त्याच्याकडे पेशीद्रवही फारसा नसतो. क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन, डायमेथोएट ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरात ऑक्सिडेशनचा ताण (पेशींची झीज करणारी प्रक्रिया) वाढवतात आणि त्याचा फटका शुक्राणूला आधी बसतो. वनस्पतींतले अँटिऑक्सिडंट काम करू शकतात ते इथे.

पण इजेची ही एकच वाट नाही. डीडीटीपासून शरीरात बनणारा डीडीई आणि विन्क्लोझोलिन हे बुरशीनाशक टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची जागा अडवतात. डीबीसीपी नावाचं, शेतजमिनीतल्या कृमींवरचं औषध तर शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशीच मारत असे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात, आपल्याला मुलं होत नाहीत, हे कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून पुढे आलं. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अगदी कमी होते, काहींच्या वीर्यात मुळीच नव्हते. संपर्क थांबल्यावर काही जण सावरले, काही कधीच नाही. मेलेली मूळ पेशी कोणताही अर्क परत आणत नाही.

पायरी १: विष अंगात शिरतं ती जागा बंद करा

सर्वात जास्त मेहनत इथे घ्या. फवारणी करणारे तोंडाला रुमाल बांधतात आणि निर्धास्त होतात. खरं तर या कामात विष शिरण्याचा मोठा मार्ग त्वचा असतो, आणि सगळीकडची त्वचा सारखी नसते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या हाताच्या त्वचेतून सुमारे ९ टक्के शोषलं गेलं, तर वृषणकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सगळंच्या सगळं. हा आकडा प्रत्येक फवारणी करणाऱ्या पुरुषाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळे लघवीला जाण्याआधी साबणाने हात धुवा. नंतर तर धुवायचेच आहेत. पाठीवरचा पंप गळत असेल तर द्रावण कमरेवरून खाली मांड्यांपर्यंत उतरतं, म्हणून गळका पंप दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. पँट भिजली तर काम संपायची वाट न बघता लगेच बदला आणि अंग धुवा. हातमोजे नायट्रिल रबराचे घ्या. कापडी किंवा कातडी मोजे विष शोषून त्वचेला चिकटवून ठेवतात. मोजे हातात असतानाच बाहेरून धुवा, मग काढा. औषध मिसळताना जास्त जपा, कारण तेव्हा हाताशी पाणी न मिसळलेलं विष असतं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका आणि धुणाऱ्यानेही मोजे घालावेत. गरोदर किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रीने मिसळणं, फवारणं आणि हे कपडे धुणं, तिन्ही टाळावं.

सुरुवात कधी करायची? शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे. स्त्रीबीजाच्या शेवटच्या वाढीलाही तीनेक महिने लागतात. म्हणून प्रयत्न सुरू करण्याच्या किमान तीन महिने आधी दोघांनीही संपर्क तोडावा.

पायरी २: ताटातलं विष कमी करा

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १५५ पुरुषांचा अभ्यास मांडला. जास्त कीटकनाशक-अंश असलेली फळं-भाज्या सर्वाधिक खाणाऱ्यांच्या वीर्यात एकूण शुक्राणू सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा ४९ टक्के कमी होते. यावरून कारण सिद्ध होत नाही आणि भाज्या सोडायच्या तर मुळीच नाहीत. नीट धुवायच्या. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने बऱ्याच कीटकनाशकांचे वरचे अंश कमी होतात. सफरचंदावरच्या एका प्रयोगात अर्धा लिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं भिजवल्यावर दोन कीटकनाशकांचे पृष्ठभागावरचे अंश निघून गेले. सालीत मुरलेलं विष मात्र धुण्याने जात नाही, त्याला साल काढणं हाच उपाय.

पायरी ३: अर्काचा दावा तपासा

प्रयोग माणसावर झाला की उंदरावर? अर्क विषाच्या आधी दिला, सोबत दिला की इजा झाल्यावर? इजा आधीच झालेल्या माणसासाठी यातला तिसराच प्रकार कामाचा. मोजलं काय, शुक्राणूंची संख्या की प्रत्यक्ष गर्भधारणा?

मग मात्रा बघा. उंदराची मात्रा माणसाच्या वजनाने थेट गुणणं ही नेहमीची चूक आहे. अंदाजासाठी मोठ्या उंदराची (रॅटची) प्रतिकिलो मात्रा ६.२ ने भागतात. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिलं असेल, तर माणसासाठी किलोमागे सुमारे ३२, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला जवळपास २ ग्रॅम सुकवलेला अर्क. हा फक्त ताळा आहे, घ्यायची मात्रा नव्हे. शिवाय प्रयोगात अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क असेल तर घरचा काढा म्हणजे तोच पदार्थ नव्हे.

वनस्पती म्हणजे शुक्राणूंची मित्र, हेही गृहीत धरू नका. सरकीतलं गॉसिपॉल चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून दिलं गेलं. काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. कडुनिंब, तुळशीची पानं आणि पपईच्या बिया यांनी प्राण्यांमध्ये प्रजननक्षमता घटल्याचे प्रयोग आहेत. मूल हवं असताना यांचे तीव्र अर्क घेऊ नका.

पायरी ४: तरीही घ्यायचा असेल तर

डॉक्टरांना सांगून, एका वेळी एकच. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या संप्रेरकांवरही तिचा परिणाम होतो. ग्रीन टीच्या अर्कातला मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे ईजीसीजी. ते दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं तर यकृताची विकरं वाढू शकतात. कपभर चहा आणि कॅप्सूल यांत हा फरक आहे. डोळे पिवळे, लघवी गडद झाली की अर्क त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. गरोदरपणात असे अर्क नकोतच.

जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,३७० जोडप्यांच्या चाचणीत पुरुषांना सहा महिने फॉलिक आम्ल आणि जस्त दिलं. वीर्याची प्रत सुधारली नाही, बाळं जास्त जन्मली नाहीत, उलट शुक्राणूंमधल्या डीएनएची मोडतोड थोडी वाढली.

फवारताना मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणं किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला तर काढा-अर्क काहीही देऊ नका. कपडे उतरवून अंग धुवा आणि कीटकनाशकाच्या डब्यासकट रुग्णालय गाठा. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत लागतं ते ॲट्रोपिन, आणि ते तिथेच मिळतं.

पायरी ५: मोजा

फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी रक्तातलं कोलिनेस्टरेज (ऑरगॅनोफॉस्फेट ज्याचं काम बंद पाडतात ते विकर) तपासून ठेवा, म्हणजे नंतरची घट कळेल. ही पातळी माणसागणिक वेगळी असते. वीर्यतपासणी २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. एका अहवालावर घाबरू नका, संपर्क तोडल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा करा. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा स्त्रीचं वय ३५ च्या पुढे असेल आणि सहा महिने झाले, तर दोघांनी मिळून तज्ज्ञाकडे जा. जाताना वापरलेल्या प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलचा फोटो आणि शेवटच्या फवारणीची तारीख सोबत ठेवा, आणि अर्क घेत असाल तर त्याची बाटलीही.