शाल-नारळ राहू द्या, आधी इसार द्या

आपल्याकडे कलावंताची कदर करायची म्हटलं की ठरलेलंच असतं, स्टेज, शाल, नारळ आणि पाहुण्यांसोबत फोटो. माझ्या ओळखीचे एक वहीगायन, म्हणजे डफावर गायची आपली खान्देशी लोककला, करणारे आप्पा आहेत, त्यांच्या घरी अशा शालींनी पत्र्याची पेटी भरलीये आणि तरी दिवाळीच्या आसपास ते दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जातात. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "शाल खाईसन पोट भरस का भाऊ?" त्यानंतर आम्ही गावात दोन-तीन कार्यक्रम केले, चुकलो पण भरपूर, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे कार्यक्रम कधी ठेवायचा. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात ठेवलात तर समोर पोरं आणि कुत्रे एवढेच बसतील. आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातला कानबाईचा सण, गावची यात्रा हे दिवस चांगले, पण त्यावेळी गाणाऱ्यांच्या चांगल्या पार्टीला, म्हणजे संचाला, आधीच सुपाऱ्या असतात. आम्हाला सगळ्यात जमलेला मुहूर्त म्हणजे हिवाळ्यातली भरीत पार्टी. तसंही खान्देशात थंडी पडली की वावरात भरीत होणारच, बामणोदची वांगी येणार, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजणार, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचणार, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. माणसं आयती जमलेली असतात, फक्त स्पीकरवर गाणी वाजवण्याऐवजी तिथे वहीगायनाची पार्टी बोलवा. आणि अजून एक फायदा आहे जो आम्हाला आधी माहितीच नव्हता. थंडीत, दव पडलं की डफाचं चामडं ढिलं पडतं आणि आवाज बसतो, ते दर थोड्या वेळाने आगीवर धरून तापवावं लागतं. वांगी भाजलेल्या त्याच आरावर आप्पा डफ धरतात, बोटाने टिचकी मारून बघतात, परत धरतात, आवाज टणटणीत झाला की मगच उठतात. त्यामुळे कार्यक्रम हॉलमध्ये असला तरी बाजूला शेगडीची सोय ठेवा, नाहीतर बिचारे मागच्या दाराने कुठे तरी कागद जाळत बसतात.

आता पैशाचं. आम्ही 60 घरांकडून 200-200 घेतले, 12,000 झाले. त्यातले 8,000 आठ जणांच्या पार्टीला, 1,500 गाडीला आणि 2,500 साउंडवाल्याला. एका मोठ्या माणसाकडून सगळे घेतले असते तर सोपं झालं असतं पण मग बॅनरवर त्याचाच फोटो लागतो आणि कार्यक्रम त्याचा होतो. इसार म्हणून निम्मे पैसे तारीख ठरली त्याच दिवशी द्या आणि बाकीचे डफ पिशवीत जायच्या आधी हातात द्या, उद्या पाठवतो, फोन पे करतो असलं काही नको. "आपल्याच गावचा माणूस आहे, त्याला काय पैसे द्यायचे" असं म्हणणारे दोन-चार जण निघतातच, त्यांना विचारा जिभाऊ, पोराच्या लग्नात डीजेला किती दिले?

साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की इको बंद ठेव. त्यांचा हात सवयीनेच तिकडे जातो आणि मग शब्द एकही कळत नाही, वहीगायनात तर सगळी गंमत शब्दांची आहे.

आमची सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वर्षी झाली. सत्कार आधी ठेवले. चार पाहुणे, प्रत्येकाला "दोनच शब्द" बोलायचे होते, ते संपेपर्यंत दीड तास गेला, बाया पोरांना घेऊन उठल्या आणि आप्पांनी गण सुरू केला तेव्हा समोर सतरंजीच जास्त दिसत होती. तेव्हापासून नियम असा की आधी गाणं, मग जेवण, आणि ज्याला बोलायचं त्याने जेवताना बोलावं.

रेकॉर्डिंग नक्की करा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने लिहून ठेवली म्हणून राहिली, 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक 1952 ला आलं. तुमच्या आजीला कानबाईची, आखाजीची, जात्यावरची गाणी येत असतील तर फोन आडवा धरा, पंखा बंद करा आणि गाऊ द्या, मग शब्द विचारून वहीत उतरवा कारण जुने अहिराणी शब्द नंतर ऐकून कोणालाच लागत नाहीत. यूट्यूबवर टाकायच्या आधी विचारा मात्र, आणि खाली गाणाऱ्याचं नाव, गाव लिहा. अहिराणी गाण्यांना आता तिथे तुफान व्ह्यूज आहेत, त्यामुळे कोणाचं गाणं कोणाच्या नावावर जाईल सांगता येत नाही.

गावाबाहेर फार काही करायची गरज नाही. जळगावला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते तेव्हा पास मागू नका, तिकीट काढा, ते काही फार महाग नसतं. चाळीसगावला गेलात तर स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, पोरांना तिथे घेऊन जा, एका माणसाने घरात बसून फोटोग्राफीत काय काय केलं ते बघू द्या. साहित्य संमेलन अमळनेरला 1952 ला झालं आणि मग थेट 2024 ला, म्हणजे त्या मांडवाची वाट बघत बसलात तर आयुष्य जाईल.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात उपयोगाचं. ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना, महिन्याला 5,000. वय 50 च्या पुढे लागतं आणि कलेत किमान 15 वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. आणि इथेच आपले लोक अडकतात, 40 वर्षं गायलेल्या माणसाकडे एक कात्रण नसतं. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका छापा, साध्या झेरॉक्सवर का होईना, त्यावर कलावंताचं पूर्ण नाव आणि तारीख टाका, फोटोच्या मागे पण तारीख लिहा, लोकल पेपरला बातमी द्या आणि हे सगळं एका फाइलमध्ये घालून त्यांच्या घरी द्या. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला सोबत जा, एकटं पाठवलं तर ते दोन चकरा मारून सोडून देतात. आणि सगळ्याच्या आधी आधार कार्ड बघा. आप्पांचं जन्मसाल त्यावर अकरा वर्षं पुढचं निघालं, 67 चा माणूस कागदावर 56 चा, ते दुरुस्त करण्यातच दीड महिना गेला.