टीसीपीडंप बंद केला की शेवटची फाइल कुठे जाते? या चुका टाळा

एका क्लायंटकडे मधूनच तुटणाऱ्या कनेक्शनचा माग काढायला रात्रभर टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं फाइलीत नोंदवणारा प्रोग्राम, लावून ठेवला होता. आज्ञेत ‘मोठा जी’ हा पर्याय १८०० सेकंदांवर, म्हणजे दर अर्ध्या तासाला नवी फाइल, आणि संपलेली फाइल दाबायला (कॉम्प्रेस करायला) ‘लहान झेड’ या पर्यायासोबत जीझिप; दाबलेल्या फाइलीच्या नावाला शेवटी डॉट जीझेड लागतं. सकाळी कनेक्शन तुटलं, मी कंट्रोल-सी मारलं, आमच्या स्क्रिप्टने सगळ्या डॉट जीझेड फाइली उचलून सर्व्हरवर टाकल्या. हवा होता तोच अर्धा तास त्यात नव्हता.

फाइल हरवली नव्हती. डिस्कवरच होती, फक्त डॉट पीकॅप राहिली होती. ‘लहान झेड’ची आज्ञा फाइल बदलताना चालते, प्रोग्राम थांबवताना नाही. गंमत म्हणजे ‘मोठा जी’सोबत ‘मोठा डब्ल्यू’ने फाइलींची संख्या ठरवून दिली, तर शेवटचीही दाबली जाते, कारण तिथे प्रोग्राम फाइल बदलतानाच बाहेर पडतो. मी चाचणी तशीच घेतली होती, म्हणून सगळं ठीक वाटलं.

उपाय साधा आहे: टीसीपीडंप थांबल्यावर फोल्डरमध्ये उरलेली प्रत्येक न दाबलेली फाइल झाडून घेणारी छोटी स्क्रिप्ट चालवा. मात्र किल (प्रोग्राम थांबवण्याचा सिग्नल) दिल्या दिल्या नको. सिग्नल पोचला म्हणजे प्रोसेस संपली असं नाही, आधी ‘वेट’ या आज्ञेने ती संपेपर्यंत थांबा. सक्तीने मारणारं किल -९ तर नकोच. बफरमधली, म्हणजे अजून डिस्कवर न गेलेली, पॅकेटं लिहिली जात नाहीत आणि फाइल मध्येच तुटते. साध्या किलने टीसीपीडंप बफर रिकामा करून नीट बाहेर पडतो.

सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामखाली) चालवत असाल तर आणखी एक खोच आहे. सर्व्हिस थांबवली की सिगटर्म, म्हणजे साध्या किलचाच सिग्नल, त्या सर्व्हिसच्या सगळ्याच प्रोसेसना जातो. आदल्या फाइलीवर काम करणारा जीझिपही त्यात मरतो. तो जाताना आपली अर्धवट फाइल पुसतो, मूळ फाइल शाबूत राहते. म्हणजे एक नाही, दोन फाइली उरू शकतात. झाडणारी स्क्रिप्ट सर्व्हिसच्या फाइलीत एक्झेक-स्टॉप-पोस्ट या ओळीत टाका. ती सर्व्हिस थांबल्यावर चालते. प्रोसेस कशा मारायच्या ते ठरवणारं किलमोड ‘मिक्स्ड’ करू नका. त्यात मुख्य प्रोसेस गेली की बाकीच्यांना थेट सिगकिल (किल -९) मिळतो, आणि अर्धवट डॉट जीझेड तशीच पडून राहते.

स्क्रिप्ट फाइली कोणत्या नावाने शोधते तेही बघा. ‘मोठा सी’ने आकारावर फाइल बदलली की आकडा नावाच्या शेवटी लागतो: डॉट पीकॅप१, डॉट पीकॅप२. ‘डॉट पीकॅपने संपणाऱ्या’ फाइली शोधल्यात तर पहिलीच तेवढी सापडेल.

उबुंटूवर ‘लहान झेड’ला स्वतःची स्क्रिप्ट दिली आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर चमॉडने परवानग्या बदलत बसू नका. ते बहुतेक ॲपआर्मर असतं, म्हणजे कोणता प्रोग्राम काय चालवू शकतो यावर बंधन घालणारी सुरक्षा. जीझिप, बीझिप२ त्याला चालतात, तुमची स्क्रिप्ट नाही.

आणि फाइलीला वेळेवरून नाव देणाऱ्या साच्यात मिनिटासाठी मोठा एम. लहान एम म्हणजे महिना. तासापुढे तो लिहिलात तर दहाची आणि साडेदहाची फाइल एकाच नावाची, दुसरी पहिलीवर लिहिली जाते. हेही मी केलेलं आहे.