एकाच कढईतला पास्ता: पाणी ओतून द्यायचं नाही, बाकी सगळं सोपं आहे

आठवड्यातले मधले दिवस, म्हणजे मंगळवार ते गुरुवार, माझ्यासाठी सगळ्यात अवघड जातात. ठाण्याला उतरून घरी पोचेपर्यंत पावणेआठ होतात, मुलं दारातच विचारतात आज काय आहे, आणि कणीक भिजवून पोळ्या करायची ताकद तेव्हा खरंच नसते. अशा दिवशी आठवड्यातून एकदा तरी मी हा पास्ता करते. एक कढई, एक कालथा, एक सुरी, एवढंच सिंकमध्ये पडतं आणि हात धुतल्यापासून ताट वाढेपर्यंत अर्धा तास.

आधी मी पण सगळ्यांसारखाच करायचे, म्हणजे मोठ्या पातेल्यात पास्ता उकडायचा, चाळणीत ओतायचा, दुसरीकडे सॉस, मग दोन्ही एकत्र. भांडी तीन-चार व्हायची आणि सॉस पास्त्याला धरायचाच नाही, ताटात खाली लाल पाणी सुटायचं. मग एकदा सगळं एकाच कढईत शिजवत होते तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्या बघून म्हणाल्या, "अगं, ही तर वरणफळंच झाली की!" आणि मला तिथेच सगळं कळलं. वरणफळं किंवा चकोल्या करताना आपण फळं वेगळी उकडून पाणी फेकून देतो का? नाही ना. उकळत्या पातळ वरणात कच्चीच सोडतो, कणकेचं पीठ त्या वरणात उतरतं आणि वरण आपोआप दाट होतं. पास्त्यात पण हेच होतं. पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, आणि चाळणीत ओतलं की तो सगळा मोरीत जातो. तोच कढईत राहू दिला तर टोमॅटो, तेल, चीज सगळ्याला एकत्र धरून ठेवतो, वेगळं क्रीम नको, कॉर्नफ्लोअर नको.

कुणी म्हणेल ही काही खरी इटालियन पद्धत नाही. तर इटलीतल्या बारी शहरात स्पॅगेटीचा, म्हणजे लांब शेवयांसारख्या पास्त्याचा, एक प्रसिद्ध प्रकार आहे, त्यात कच्ची स्पॅगेटी थेट तव्यात टाकतात आणि टोमॅटोचं पाणी डावाडावाने घालत शिजवतात, अगदी खालून खरपूस होईपर्यंत. घेवड्याच्या बिया आणि पास्ता एकाच भांड्यात शिजवलेला दाटसर प्रकार तर तिकडे घरोघरी होतो. 2013 मध्ये अमेरिकेत मार्था स्टुअर्ट या स्वयंपाक आणि घरसजावटीसाठी प्रसिद्ध असलेल्या बाईंच्या मासिकात सगळं एकाच पॅनमध्ये एकदम टाकून करायचा पास्ता छापून आला आणि मग तो जगभर पसरला. म्हणजे हे काही आपण भारतात काढलेलं खूळ नाही.

आता पास्ता कुठला घ्यायचा, इथे मी जरा जास्त बोलणार कारण निम्मं काम इथेच होतं. पाकीट उलटं करून घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीतला, कडक दाण्याचा, पिवळसर. मैद्याचा पास्ता स्वस्त मिळतो पण एका कढईत तो टिकत नाही, पाणी आटेपर्यंत त्याची खीर होते. आकार पेन्ने (तिरक्या कापलेल्या नळ्या), फुसिली (पिळाचा) किंवा छोटी मॅकरोनी. स्पॅगेटी कढईत मावत नाही आणि मोडायला लागते, त्यामुळे घाईच्या दिवशी नकोच.

आम्ही दोघं आणि दोन मुलं, आमच्यासाठी मी 250 ग्रॅम पेन्ने घेते. मोठा कांदा एक, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, मध्यम लालबुंद टोमॅटो चार, ढोबळी मिरची एक, गाजर एक, अर्धी वाटी मक्याचे दाणे, तेल दोन मोठे चमचे, बटर एक चमचा, काश्मिरी किंवा बेडगी तिखट एक छोटा चमचा, चिमूटभर साखर, दोन चीज क्यूब. पाणी 700 मिली, हे मात्र मापूनच घ्या निदान पहिल्या वेळी.

कढई जाड बुडाची आणि पसरट. पातळ बुडाच्या पातेल्यात हा पास्ता खाली लागणार म्हणजे लागणारच. इलेक्ट्रिक केटल असेल तर आल्या आल्या पाणी तापायला ठेवा आणि मग कपडे बदला.

तेल तापलं की लसूण जाडसर चिरून घाला, ठेचू नका, ठेचलेला पटकन करपतो आणि कडवट होतो. लसणाचा वास सुटला की कांदा, तो गुलाबी व्हायची वाट बघायची गरज नाही, नुसता पारदर्शक झाला की बास. मग गाजर, बारीक चिरलेले टोमॅटो आणि एक छोटा चमचा मीठ. मिठाने टोमॅटो लवकर गळतात. पाच-सहा मिनिटं मोठ्या आचेवर परता, कालथ्याने टोमॅटो दाबत राहा, कडेने तेल दिसायला लागलं की तिखट आणि साखर घाला. ही पायरी घाईत उरकू नका. टोमॅटो कच्चे राहिले तर शेवटपर्यंत आंबट कच्चट चव राहते, नंतर कितीही चीज घातलं तरी जात नाही.

आता गरम पाणी ओता, खळखळून उकळी येऊ द्या आणि मगच पास्ता टाका. कोमट पाण्यात टाकला तर बाहेरून चिकट होतो आणि एकमेकांना चिकटून गड्डे होतात. पास्ता जेमतेम बुडून वर बोटाचं अर्धं पेर पाणी दिसलं पाहिजे, एवढं असेल तर माप बरोबर आहे. पहिली दोन मिनिटं सोडून कुठे जाऊ नका, सतत हलवा, बाहेरचा स्टार्च तेव्हाच फुलत असतो आणि तेव्हाच चिकटतो. मग आच मध्यम, झाकण अर्धवट तिरकं ठेवा, पूर्ण लावलं की फेस वर येऊन गॅसवर सांडतो. दर दोन मिनिटांनी तळापासून एकदा खरवडून हलवायचं. या मधल्या वेळात मी डबे सिंकमधून काढते, मुलांची वही बघते, पण कढईपासून चार पावलांच्या आतच.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिलं असेल तर साधारण 13 धरा, कारण पाणी कमी आणि त्यात टोमॅटो. पण घड्याळावर पूर्ण विसंबू नका, नवव्या मिनिटापासून एक-एक तुकडा काढून मोडून बघा. मध्ये पांढरा ठिपका दिसतो, भातात कणी राहते तशीच ही कणी. ठिपका ठसठशीत असेल तर अजून वेळ आहे. अगदी पुसट झाला की ढोबळी मिरची आणि मक्याचे दाणे घाला, त्यांना तीन-चार मिनिटंच लागतात, आधी घातली तर मिरची मेणचट होते आणि रंग जातो. फ्रोझन मटार असतील तर तेही याच वेळी. पालक अगदी शेवटी. मशरूम मात्र उलट, ते कांद्याबरोबर सुरुवातीला परतायचे, त्यांचं पाणी सुटून आटलं पाहिजे.

पाणी आधीच आटलं आणि कणी अजून आहे असं झालं तर अर्धी वाटी गरम पाणी, गारठलेलं नाही. उलट पास्ता शिजला आणि पाणी खूप उरलं तर झाकण काढून मोठ्या आचेवर मिनिटभर. पण एक लक्षात ठेवा, गॅस बंद करताना तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा. पिठलं कसं कढईत सैल दिसतं आणि ताटात पडेपर्यंत घट्ट होतं, अगदी तसंच हे आहे.

गॅस बंद केल्यावर बटर आणि किसलेलं चीज घालून अर्धा मिनिट जोरात हलवा, नुसतं वरवर मिसळू नका. इटलीतले लोक या शेवटच्या घोटण्याला मांतेकातुरा म्हणतात. स्टार्चचं पाणी आणि बटर एकजीव होऊन सॉसला जी चकाकी येते ती या अर्ध्या मिनिटात येते. मी साधं प्रोसेस्ड चीज वापरते, त्यात चीज फुटू नये म्हणून क्षार घातलेले असतात त्यामुळे ते एकसारखं वितळतं. मोझरेला घातलं तर ते तारा धरून एकाच जागी गोळा होतं, ते पिझ्झ्यासाठी ठेवा. चीजमध्ये मीठ असतं म्हणून वरचं मीठ सगळ्यात शेवटी चाखून. इथे पाणी फेकायचं नसतं, त्यामुळे उकडायच्या पाण्यात टाकतो तसं मूठभर मीठ आधीच टाकलं तर खाता येणार नाही.

दूध घालायचा मोह होईल, मला पण व्हायचा. टोमॅटोच्या आंबटात दूध उकळलं की फाटतं, माझं दोनदा फाटलं आहे आणि ती कढई फुकट गेली याचं अजून वाईट वाटतं. मुलांना मऊ पांढरट चव हवी असेल तर गॅस बंद केल्यावर दोन चमचे घरची साय फेटून घाला.

ओरेगानोची पुडी घरी नसेल तर बाल्कनीतल्या कुंडीत ओव्याची पानं बघा, ज्यांची आपण भजी करतो ती जाड लुसलुशीत पानं. त्यांचा वास ओरेगानोच्या फार जवळचा आहे कारण सुगंधाचं मुख्य द्रव्य एकच. दोन पानं अगदी बारीक चिरून शेवटी घातली की पुरतं, जास्त झाली तर उग्र लागतं. तुळस मात्र बेसिल, म्हणजे पास्त्यात घालतात ती इटालियन तुळस, म्हणून घालू नका, आपल्या तुळशीला लवंगेसारखा वास असतो, तो इथे जुळत नाही.

कांदा-लसूण खात नसाल तर तेलात चांगला हिंग आणि थोडं जास्त गाजर, टोमॅटोही एक वाढवा. पोट भरायला काहीतरी हवं असेल तर फ्रीजमधला उकडलेला राजमा किंवा चवळी वाटीभर, पास्ता निम्मा शिजल्यावर घालायचे. कच्चे कडधान्य कधीच नाही, टोमॅटोच्या आंबटात ते तासभरानेही शिजत नाही. पनीर असेल तर चीजबरोबर, नुसतं गरम व्हायला.

कुकरमध्ये पण होतो. माप तेच पण पाणी 600 मिली पुरे, कारण वाफ बाहेर जात नाही. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, पास्त्याचा फेस वर चढतो आणि शिट्टीच्या भोकात अडकू शकतो. मध्यम आचेवर एक शिट्टी, गॅस बंद, पाच मिनिटांनी उरलेली वाफ काढून उघडा. तरी मला कढईच आवडते, कणी बघता येते.

दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी ठेवायचा असेल तर मुलांचा वाटा कणी असतानाच वेगळा काढा आणि दोन चमचे सॉस जास्त द्या, रात्रभरात पास्ता सगळं पाणी पिऊन टाकतो. सकाळी तव्यात पाव वाटी पाणी शिंपडून झाकण ठेवून गरम केला की पुन्हा मोकळा होतो.

आणि कढई रिकामी झाली की लगेच थंड पाणी भरून ठेवा, गरम पाणी नको, गरम पाण्याने स्टार्च अजून शिजून बुडाला पक्का बसतो. जेवण होईपर्यंत सगळं सुटून येतं, नुसत्या स्क्रबने एका हातात निघतं.