सोलापुरात स्वस्त आणि वाढता भाग कसा ओळखावा

"जुळे सोलापुरात जागा घ्या, डोळे झाकून" हा सल्ला अजून देणारे आहेत. तिथला आजचा भाव ऐकला की झाकलेले डोळे आपोआप उघडतात. विमानतळाच्या नावानं प्लॉट दाखवणाऱ्यांचंही ऐकू नका. बोरामणीचा विमानतळ वर्षानुवर्षं कागदावरच राहिला, विमानं उडतात होटगी रोडवरूनच.

आधी बजेट ठरवा आणि त्या भागाचा रेडीरेकनर दर, म्हणजे सरकारनं ठरवलेला भाव, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग विजापूर रोड, अक्कलकोट रोड, पुणे रोड असा एकेक रस्ता धरून आत वळा. रस्त्याला लागून असलेल्या जागेचा भाव आधीच चढलेला असतो. आत गेल्यावर दुकानं बघा. नुसतं सिमेंट-सळईचं दुकान असेल तर बांधकामं चालू आहेत, माणसं यायचीत. पिठाची गिरणी दिसली आणि दारात ज्वारीचे डबे रांगेत लागलेले असले, की कुटुंबं राहायला आलीत समजा. गिरणी तोट्यात चालवायला कुणी बसत नाही.

आता पाणी. इथं मी स्वतः फसलोय.

उजनी धरण भरलं तरी सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या बाळे, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव अशा भागांत तर गल्लीगणिक तऱ्हा वेगळी. मला एजंटानं एका बुधवारी सकाळी घर दाखवायला नेलं. नळाला जोरात धार, अंगण धुतलेलं, शेजारची बाई पायरीवर गोधड्या धूत बसलेली. मी त्याच दिवशी इसार दिला. राहायला गेल्यावर कळलं, तो पाणी सुटायचा दिवस होता. पुढचं पाणी पाचव्या दिवशी, रात्री दोनला. त्यात आमची गल्ली लाइनच्या टोकाला. वरच्या घरांच्या मोटारी बंद झाल्याशिवाय आमच्या नळाला थेंब नाही. सहा महिने मी गजर लावून झोपलो.

म्हणून पाण्याच्या आदल्या दिवशी जा, तेही एप्रिल-मेमध्ये. दारातल्या निळ्या बॅरलवर टिचकी मारा, रिकामं असेल तर आवाजच सांगेल. "पाणी येतं का?" असं कधीही विचारू नका. सगळे "येतं की" म्हणतात, त्यांनाही उद्या घर विकायचं असतं. "मागच्या खेपेला कुठल्या वारी आलं, किती वेळ होतं?" असं विचारा, आणि घरातल्या बाईला विचारा. पुरुषांना वार आठवत नाही. सगळ्यात पक्की माहिती पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याकडे. कुठली गल्ली टोकाला आहे हे त्याला तोंडपाठ असतं. "बोअर आहे की" म्हणणाऱ्या एजंटाला मे महिन्यात दुपारी मोटार चालू करून दाखवायला सांगा.

सप्टेंबरात मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चक्कर, दुचाकीवरून. काळ्या मातीत चाक रुतलं तर आराखड्यातला रस्ता अजून आराखड्यातच आहे.

कागदपत्रं वकिलाला दाखवा: सातबारा, एनएचा (बिगरशेतीचा) आदेश, मंजूर ले-आउट. नवीन ले-आउट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा, म्हणजे प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबरही मागा. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेला प्लॉट असेल तर नियमित केल्याचा कागद आधी हातात घ्या. "होऊन जाईल ओ पुढं" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

भाव करताना पाण्याचा वार आपल्याला ठाऊक आहे हे एजंटाला कळू द्या. दुसऱ्या खेपेला मी एवढंच म्हणालो, "इथं शनिवारी रात्री येतं ना, तेही अर्धा तास?" तो गप्प बसला, मालकाला फोन लावला आणि चौरस फुटाला साठ रुपये खाली आला.