इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी कॉलेज निवडताना लोगोवर जाऊ नका

कॅट, सीईटी, पर्सेंटाइल वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच, की एमबीएचे फॉर्म कुठे भरायचे.

ब्रोशरवर बड्या विदेशी बँकेचा लोगो दिसला की आपण विरघळतो. मीही विरघळलो. कॉलेजचं नाव घेत नाही. लोगो खरा होता, नोकरीही खरी होती. काम मात्र मालाडच्या ऑफिसात ट्रेड सेटलमेंटचं: आपल्या आणि समोरच्या पार्टीच्या नोंदी जुळतात का बघायचं, नाही जुळल्या तर लंडनला मेल टाकायचा, उत्तराची वाट बघायची. डील कशी दिसते हे मला पेपरातच कळायचं.

हे नीट समजून घ्या, कारण गोची इथेच आहे. इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं मूळ काम, म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री आणि आयपीओ, करणारी डील टीम मुंबईत बहुधा बीकेसी, वरळी, लोअर परळ भागात बसते आणि ती छोटी असते. ऑपरेशन्स, केवायसी, रिस्क रिपोर्टिंग करणारी मोठी फौज गोरेगाव-मालाड, ऐरोली, पुण्यात खराडीला. दोघांच्या आयकार्डवर बँकेचं नाव एकच, आणि ब्रोशरमध्ये दोघंही ‘फायनान्स’च्या रकान्यात. म्हणून प्लेसमेंट रिपोर्टमध्ये सेक्टर बघू नका, फंक्शन, म्हणजे प्रत्यक्ष काम कोणतं, ते बघा. आयआयएम अहमदाबादने सुरू केलेल्या आयपीआरएस (प्लेसमेंटचे आकडे कसे मांडायचे याचे ठरलेले निकष) पद्धतीचा, ऑडिट झालेला रिपोर्ट असेल तर उत्तम. नसेल तर लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर जाऊन माजी विद्यार्थी काढा, गेल्या दोन-तीन बॅचचे. हुद्दा, टीम आणि ऑफिस कुठे आहे ते वाचा. एका संध्याकाळचं काम आहे, पण लाखांचं कर्ज काढणारी मुलं तेवढंही करत नाहीत.

ऑपरेशन्सला मी नावं ठेवत नाही, त्या पगारावर माझं घर चाललं. पण ‘आधी आत शिरा, मग आतल्या आत डील टीममध्ये जाता येतं’ असं सांगणारे मेंटॉर भेटतील. त्यांना विचारा, तुमच्या ओळखीचे किती गेले? बहुतेक वेळा विषय बदलतात आणि स्वतःचा फायनान्शियल मॉडेलिंगचा (एक्सेलवर कंपनीचे आकडे मांडण्याचा) कोर्स विकायला काढतात.

नावं सांगायची तर आयआयएममध्ये अहमदाबाद, बेंगळुरू, कलकत्ता. त्यात फायनान्सचा पगडा कलकत्त्याला जुना. मग दिल्लीचं एफएमएस, एक्सएलआरआय, मुंबईत एसपी जैन आणि जमनालाल बजाज. चर्चगेटचं जमनालाल (स्थापना 1965) आपल्याकडच्या मुलांनी सोडू नये: सीईटीवर राज्य कोट्यातून जाता येतं, फी आयआयएमपेक्षा कितीतरी कमी आणि ऑफिसं लोकलच्या अंतरावर. या वर्तुळाबाहेर डील टीम कॅम्पसवर क्वचितच येते, हे कडू आहे पण ऐका.

आणखी एक. समर इंटर्नशिपची निवड पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या काही महिन्यांतच उरकते, पुढच्या पीपीओ (इंटर्नशिपवरून मिळणाऱ्या कायम नोकरीच्या ऑफर) तिथूनच. तेवढ्यात कॉलेज तुम्हाला काय शिकवणार? शॉर्टलिस्टला दहावी, बारावी, पदवीचे मार्क आणि आधीचा अनुभव लागतो. मार्क मध्यम असतील तर नावाजलेल्या कॉलेजातही हात चोळत बसाल.

अशांसाठी, आणि घरून फी झेपत नसेल त्यांच्यासाठी, सीए हा रस्ता माझ्या मते एमबीएपेक्षा कमी बेभरवशाचा. देशी बँका आणि छोट्या सल्लागार फर्म सीएंना घेतात. ताळेबंद वाचता येतो, ड्यू डिलिजन्सला (व्यवहाराआधी कंपनीची कसून तपासणी) घाबरत नाहीत. आर्टिकलशिपलाच (सीएच्या सक्तीच्या उमेदवारीत) ट्रान्झॅक्शन ॲडव्हायझरीचं, म्हणजे खरेदी-विक्रीच्या व्यवहारांवर सल्ला देण्याचं, काम मिळवता आलं तर सोन्याहून पिवळं. सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेची पहिली लेव्हल जोडीला चांगली, एकटीवर कोणी बोलावत नाही.

ॲडमिशन आधीच झाली असेल तर लगेच धीर सोडू नका. छोट्या फर्मना थेट मेल टाका, सोबत एखाद्या लिस्टेड कंपनीचं स्वतः केलेलं व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत किती याचा हिशेब) जोडा. सेबीच्या साइटवर डीआरएचपी (आयपीओआधी कंपनीने दाखल केलेली मसुदा माहितीपत्रकं) फुकट मिळतात, त्यातले दोन-तीन मुळापासून वाचून काढा. मेलला उत्तरं फार कमी येतात. पण उत्तर देणारा माणूस डीलवर काम करणारा असतो, प्लेसमेंट सेलचा नाही.